रात्री अकराचा फोन

प्रश्न : मुंबईतल्या एका जाहिरात एजन्सीत मी ९ वर्षं फिल्म प्रोड्यूसर आहे. रोज डोंबिवली ते लोअर परळ. मुलगी ४ वर्षांची. शूट असो वा नसो, रात्री अकराला फोन येतोच. काम आवडतं, पण आता झेपत नाही. दुसरं काहीच येत नाही, मग जाऊ कुठे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ‘दुसरं काहीच येत नाही’ हे आधी मनातून काढून टाका. तीन प्रॉडक्शन हाउसची कोटेशनं समोर आली, की कुणी लाइट्सचा खर्च फुगवलाय आणि कुणी दुसऱ्या दिवसाची शिफ्ट धरलेलीच नाही, हे तुम्हांला पाच मिनिटांत कळतं. ही नजर बाहेर फार थोड्यांकडे असते.

मी १४ वर्षं हेच काम केलं. एका रात्री गोरेगावच्या फिल्मसिटीत पॅक शॉट, म्हणजे जाहिरातीतलं उत्पादनाचं जवळून दिसणारं दृश्य, चालला होता. बाटलीवरचं लेबल जरा कललेलं दिसतंय म्हणून आम्ही सगळे पहाटे तीनपर्यंत बाटली फिरवत बसलो. घरी मुलगा तापाने फणफणला होता आणि सासूबाईंचा फोन मी दोनदा कट केला. सकाळी पोचले तेव्हा तो शांत झोपला होता. पलंगाखाली मिठाच्या पाण्याची वाटी आणि वाळलेली पट्टी तशीच होती. ती वाटी धुताना ठरवलं.

आज मी एका रुग्णालयासाठी आरोग्यशिक्षणाच्या फिल्म्स करून घेते. पगार पाव हिश्शाने घटला, पण संध्याकाळी साडेसहाला निघते. बँका आणि विमा कंपन्यांतही स्वतःच्या कंटेंट टीम असतात, तिथेही बघा. गणपती ते दिवाळी तिथेही धावपळ असते, पण तिची तारीख आधी ठाऊक असते. लाइन प्रोड्यूसर, म्हणजे शूटचा रोजचा खर्च आणि व्यवस्था सांभाळणारी व्यक्ती, मात्र होऊ नका, तास वाढतीलच. फ्रीलान्सही एवढ्यात नको, बिलं महिनोन्‌महिने अडकतात.

मुलाखतीत ‘कामाचे तास किती?’ असं विचारू नका, सगळे गोड उत्तर देतात. ‘फिल्मला शेवटची मंजुरी कोण देतं, आणि त्याआधी किती जण बघतात?’ असं विचारा. एजन्सीतल्या आपल्या रात्री तिथेच जातात. दोन नावं सांगितली तर पुढे बोला, सात सांगितली तर नमस्कार करून या.

पैशांचं म्हणाल, तर ५ वर्षं पूर्ण झाल्यामुळे ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे. किमान शेवटचं मूळ वेतन (महागाई भत्ता असेल तर तो धरून) गुणिले १५, भागिले २६, गुणिले ९. मूळ वेतन ६०,००० असेल तर सुमारे ३ लाख ११ हजार होतात. सुरुवातीची पगाराची खोट त्यातून भरा. पीएफ मात्र काढू नका, नव्या नोकरीत ट्रान्स्फर करून घ्या.

राजीनामा दिलात की ‘एवढं कॅम्पेन संपवून जा’ म्हणतील. तेव्हा शेवटचा दिवस लेखी ठरवून घ्या. मी तोंडी ठरवला होता आणि चार महिने जास्त थांबले.