सेलेमच्या ‘चेटकिणी’ आणि ‘माफी’

अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या सेलेम गावी १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यांवरचा लेख मराठीत आणताना तिने मथळा दिला, ‘सेलेमच्या चेटकिणींना तीनशे वर्षांनी माफी’. तपासणाऱ्याने ‘माफी’ खोडून ‘निर्दोष मुक्तता’ केलं. बरोबर कोण?

मला विचाराल तर दोघंही नाहीत. शिवाय त्या मथळ्यातला सगळ्यांत चुकीचा शब्द तिसराच आहे, आणि त्याला कोणी हातच लावलेला नाही. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी माफी. कर्ज माफ झालं म्हणजे कर्ज होतं. शिक्षा माफ झाली म्हणजे गुन्हा शाबित होता, फक्त भोगणं टळलं. सेलेम ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६९२ साली जे एकोणीस जण फासावर गेले, त्यांना माफी ‘दिली’ असं लिहिलं, की त्यांनी चेटूक केलं होतं हे आपण गुपचूप मान्य करून बसतो. या गोष्टीत ‘माफी’ला जागा आहे, पण ती ‘मागणे’ या क्रियापदाबरोबर. खटले चालवणाऱ्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सीवल यांनी १४ जानेवारी १६९७ या उपवासाच्या दिवशी बॉस्टनच्या चर्चमध्ये आपलं कबुलीपत्र पाद्र्याच्या हाती दिलं. पाद्री ते वाचत होता आणि सीवल आपल्या जागी सगळ्यांदेखत उभे होते. दोष आणि लाज आपण पदरात घेतो, असा त्याचा आशय. ही माफी. मागणारा न्यायाधीश, आणि देऊ शकणारे फासावर गेलेले.

आता ‘निर्दोष मुक्तता’. बातम्यांत हा शब्द रोज दिसतो आणि तो चांगला नेमका आहे: खटला चालला, गुन्हा शाबित झाला नाही, आरोपी सुटला. सुटायला माणूस जिवंत लागतो. गंमत (गंमत कसली!) म्हणजे सेलेममध्ये एका बाईची अशी मुक्तता जवळजवळ झाली होती. रिबेका नर्स, वय ७१. ज्यूरीने ‘निर्दोष’ असं सांगितलंसुद्धा. त्यावर आरोप करणाऱ्यांनी आकांत मांडला आणि मुख्य न्यायाधीश स्टॉटन यांनी ज्यूरीला एका वाक्याची आठवण करून दिली. दुसऱ्या एका आरोपी बाईला साक्षीसाठी आणलं तेव्हा नर्स म्हणाली होती, ‘ही तर आमच्यातली.’ आमच्यातली म्हणजे कोणातली? ज्यूरीच्या प्रमुखाने तिला विचारलं. ती गप्प. ज्यूरीने निकाल फिरवला. ‘आमच्यातली’ म्हणजे आमच्याबरोबर तुरुंगात असलेली, एवढंच मला म्हणायचं होतं, असं तिने नंतर सांगितलं. तिला कमी ऐकू यायचं, मन दुःखाने भरलेलं होतं, प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही. १९ जुलै १६९२ रोजी तिला फाशी दिली. मराठीत आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे आणि त्याचा आपल्याला अभिमानही असतो. इथे तोही कामाला आला नसता. न्यायाधीशाला वगळणारं ‘आम्ही’ कैद्यांचं की चेटूक करणाऱ्यांचं, हे व्याकरण सांगत नाही.

मग शब्द कोणता? न्यायालयीन मराठीत ‘दोषसिद्धी’ आहे, आणि जे झालं ते म्हणजे दोषसिद्धी रद्द होणं. १७११ साली वसाहतीच्या कायद्याने बावीस जणांच्या बाबतीत तेच केलं आणि ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर केली. त्या कायद्यातला इंग्रजी शब्द ‘अटेंडर’. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याचे हक्क आणि मालमत्ता जाणं, असा त्याचा अर्थ. पुढे लोकांनी त्याचा संबंध ‘डाग’ या अर्थाच्या शब्दाशी जोडला. आपल्याकडे यासाठी ‘बट्टा’ आयता आहे. घराण्याला बट्टा लागतो, तो पुसावा लागतो. लेखाच्या आत मी बिनदिक्कत ‘बट्टा पुसला’ लिहीन.

बट्टा एकदम मात्र पुसला गेला नाही. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाच्या १९५७च्या ठरावात नाव फाशी गेलेल्यांपैकी फक्त अ‍ॅन पुडिएटरचं, पुढे ‘आणि इतर काही व्यक्ती’. अनुवाद करताना असल्या ‘इतर’वरून आपण सहज पुढे जातो. त्या ‘इतर’मध्ये बुडालेल्या पाच बायकांची नावं कायद्यात यायला २००१ उजाडलं. त्यातली ब्रिजेट बिशप तर सेलेममध्ये सर्वांत आधी फाशी गेलेली, १० जून १६९२ला. आणि एलिझाबेथ जॉन्सन ही मुलगी १६९३मध्ये दोषी ठरली, गव्हर्नरने फाशी थांबवल्यामुळे वाचली, पण दोष तिच्या नावावर २०२२पर्यंत राहिला. आठवीच्या वर्गातल्या मुलांनी पाठपुरावा केला तेव्हा तो गेला.

आणखी एक आरोपी जाइल्स कोरी, त्याच्या बाबतीत ‘दोषसिद्धी’ही चालत नाही. त्याने गुन्हा कबूल आहे की नाही हे सांगायलाच नकार दिला, म्हणून खटला उभा राहिला नाही. त्याने तोंड उघडावं म्हणून अंगावर दगड रचत नेले आणि त्यात तो मेला. त्याला ‘देहदंड’ म्हणू नका. ‘दगडांखाली चिरडून मारलं’ हेच लिहा.

आणि आता तो तिसरा शब्द, ‘चेटकिणी’. फाशी गेलेल्या एकोणिसांपैकी पाच पुरुष होते. जॉर्ज बरोज तर धर्मोपदेशक. इंग्रजी ‘विच’ हा शब्द बाई-पुरुष दोघांनाही चालतो, आपला चालत नाही. आपण एका प्रत्ययाने पाच पुरुषांना बायका करतो. (आणि कृपा करून ‘जाळलं’ लिहू नका. इंग्रजी कायद्यात या गुन्ह्याला फाशी होती, सेलेममध्ये कोणालाही जाळलेलं नाही.) पण लिंगापेक्षा मोठी अडचण अशी, की ‘चेटकिणींना फाशी’ म्हटलं की चेटकिणी होत्या. इथे ‘ठरवणे’ हवं. सातपुड्यात बाईला ‘डाकीण ठरवून’ मारहाण झाली, असं आपली वर्तमानपत्रं लिहितात. ‘डाकिणीला मारहाण’ असं कोणी लिहीत नाही. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही याच बाजूने बोलतो: अमकी व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचं दूध आटवते, असं लोकांना भासवणं हा गुन्हा. गुन्हेगार भासवणारा.

तर मैत्रिणीसाठी मथळा: ‘चेटूक केल्याच्या आरोपावरून सेलेममध्ये दोषी ठरवलेल्या शेवटच्या नावावरचा बट्टा ३२९ वर्षांनी पुसला’. लांब आहे, मान्य. दोन ओळींत बसवा, किंवा ‘सेलेममध्ये’ उपमथळ्यात न्या. ‘ठरवलेल्या’ मात्र कापू नका.