ऊस येतो तरी कुठून?

प्रश्न : आमची तीन पिढ्यांची उसाची शेती. एकरी 50 टनाच्या आसपास ऊस तुटतो, मग खोडवा, परत लागण, असं माझ्या आज्यापासून चाललंय. एवढे ट्रॅक्टर भरभरून माल कारखान्याला गेला तर रान खोल जायला पाहिजे होतं ना? माती तर आहे तिथंच आहे. मग हे वजन येतं कुठून?
— एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण अगदी हाच प्रश्न बेल्जियममधल्या यान व्हान हेल्माँटला पडला होता. त्याने मोठ्या कुंडीत 90 किलो वाळवलेली माती मोजून घेतली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि 5 वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं 76 किलोच्या वर आणि माती कमी झाली किती, तर 60 ग्रॅमसुद्धा नाही! 1648 मध्ये, तो गेल्यावर, हे छापून आलं. त्याला वाटलं झाड पाण्याचंच बनतं. हवेचा विचार त्याच्या मनात आला नाही.

आता तुमचा एक टन ऊस घ्या. त्यात साधारण 700 किलो पाणीच असतं, ते विहिरीचं किंवा पाटाचं. 11 टक्के उतारा धरला तर 110 किलो साखर, आणि राहिलेलं बहुतेक चिपाड. या साखरेतला आणि चिपाडातला कार्बन सगळाच्या सगळा हवेतला, मातीतला जवळपास शून्य. मी हिशोब करून बघितला, 1 किलो साखरेत 420 ग्रॅम कार्बन असतो, त्यासाठी पानांना दीड किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड ओढून घ्यावा लागतो आणि हवेत तो असतो जेमतेम 0.04 टक्के, म्हणजे दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या 70-एक खोल्यांमधला सगळा कार्बन डायऑक्साइड गोळा केला तेव्हा कुठे एक किलोची पुडी भरते. तुम्ही चहात चमचाभर साखर घालता ना, ती एका खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या हवेतली.

म्हणून मातीचं काम संपलं असं मात्र समजू नका. नत्र, स्फुरद, पालाश टनामागे काही किलोच जातं, पण ते नसेल तर पान हिरवं राहत नाही आणि पान हिरवं नसेल तर हवेतलं काही मिळत नाही.

पान हे करतं कसं? पानाच्या खालच्या-वरच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं, त्यातून हवा आत जाते आणि आत रूबिस्को नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, कार्बन डायऑक्साइड पकडून एका साखरेला चिकटवतं. पहिल्यांदा तीन कार्बनचा पदार्थ बनतो आणि मग फिरत फिरत साखर. हे कळलं ते शेवाळामुळे. अमेरिकेत बर्कलीला मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी क्लोरेला नावाचं हिरवं शेवाळ एका चपट्या काचेच्या भांड्यात वाढवलं, दिवे लावले, रेडिओॲक्टिव्ह, म्हणजे किरणं सोडणारा आणि त्यामुळे माग काढता येणारा कार्बन सोडला आणि काही सेकंदांत शेवाळ उकळत्या अल्कोहोलमध्ये टाकून जागच्या जागी थांबवलं, मग कागदावर पदार्थ वेगळे करून त्यावर एक्स-रे फिल्म ठेवली की कार्बन जिथं पोचला तिथं काळा ठिपका. 1961 चं नोबेल एकट्या कॅल्विनला मिळालं, बेन्सनचं नाव त्यात नाही हे मला अजून खटकतं.

आता रूबिस्कोचा स्वभाव बघा, सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू पकडतं आणि चार-पाच वेळांत एकदा चुकून ऑक्सिजनच धरतं, ऊन वाढलं की चूक अजून वाढते. भात, गहू, सोयाबीन यांचं यात भरपूर नुकसान होतं. तुमच्या उसाचं नाही! हवाईमध्ये उसाला असाच रेडिओॲक्टिव्ह कार्बन दिला तर पहिल्यांदा तीन नाही, चार कार्बनची ॲसिडं दिसली. 1965 ला ते छापून आलं आणि पुढच्या वर्षापासून ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी सगळी भानगड उलगडली. ऊस आधी दुसऱ्याच एन्झाइमने कार्बन पकडतो, ते ऑक्सिजनला फसत नाही, मग तो शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडतो, तिथं कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी होते की रूबिस्कोला चुकायला वावच राहत नाही. मका, ज्वारी, बाजरी पण अशीच. उसाचं पान आणि भाताचं पान उन्हाकडे धरून शेजारी शेजारी भिंगातून बघा, उसाच्या शिरा जास्त जवळजवळ असतात, त्याचं कारण हेच.

आणि एक कळकळीनं सांगते, पाचट पेटवू नका. वर्षभर पानांनी हवेतून गोळा केलेला कार्बन तासाभरात परत हवेत जातो. सरीत कुजवलं तर त्यातला थोडा तरी रानात राहतो.

प्रश्न : पिंपळ रात्री पण ऑक्सिजन सोडतो असा मेसेज आमच्या ग्रुपवर सारखा येतो. सोसायटीतल्या पारावर आम्ही बायका रात्री बसतो, तर हे खरं आहे का?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, पारावर खुशाल बसा, पण मेसेज खरा नाही. झाडातून येणारा ऑक्सिजन पाण्याचा असतो, उजेडाच्या जोरावर पाणी फुटतं तेव्हा तो सुटतो, रूबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी 1941 मध्ये जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचाच जरा जास्त वजनाचा प्रकार, वापरून ते दाखवलं होतं. उजेड नाही तर ऑक्सिजन नाही, मग झाड कुठलंही असो. रात्री पिंपळ आपल्यासारखाच श्वास घेतो, अर्थात उघड्यावर त्यानं काही बिघडत नाही.

काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड मात्र आत घेतात, कोरफड, निवडुंग, अननस आणि आपली पानफुटी. दिवसा रंध्रं उघडली तर पाणी उडून जाईल म्हणून ती रात्री उघडतात आणि कार्बन मॅलिक ॲसिड करून ठेवतात. हरभऱ्याच्या रानातून पहाटे गेल्यावर पायाला आंब लागते ना, तिच्यातही हेच ॲसिड असतं. बेंजामिन हाइन नावाचा निसर्ग-अभ्यासक ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत इथे भारतातच होता, त्यानं पानफुटीचं पान चाखून बघितलं आणि लंडनला कळवलं की सकाळी एकदम आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळकडे किंचित कडू. 1815 मध्ये ते छापून आलं. रात्रभर साठवलेलं ॲसिड दिवसा रंध्रं मिटून वापरलं जातं आणि त्याची साखर होते, म्हणून दुपारी आंबटपणा जातो. वाळव्याच्या उसातही जास्त करून हेच मॅलिक ॲसिड बनतं, फक्त तिथं ते रात्रभर थांबत नाही, भर उन्हात या पेशीतून त्या पेशीत जाऊन लगेच मोकळं होतं.