नेलं कुणी, बोललं कोण

(जानेवारी २०२२)

प्रिय ताई,
माझा मुलगा बारावीला आहे, सतरा वर्षांचा. कॉलेजात लशीचा कॅम्प झाला, वर्गातल्या बहुतेकांनी घेतली. हा पोट दुखतंय म्हणून घरीच बसला. सरांनी नंतर बोलावलं तर फोन बंद. दिवसभर मोबाईलवर लशीचे उलटेसुलटे व्हिडिओ बघतो, तेच डोक्यात भरलंय. मागच्या एप्रिलमध्ये आमचे सासरे कोरोनानं गेले. लस घेतल्यावर चौथ्या दिवशी ताप आला, बाराव्या दिवशी गेले. लशीला यानंच गाडीवर नेलं होतं. तेव्हा माझे दीर दुःखात काहीबाही बोलून गेले, ते असो. लशीच्या आदल्या आठवड्यात पुतणीचा साखरपुडा घरीच झाला होता, त्याचीही दगदग होती. एवढं डोळ्यांनी बघूनही याला अक्कल नाही. तो तुमचं सदर वाचतो. त्याला दोन शब्द सुनवा.
– एक आई, केज तालुका

बाई, सुनवायचेत खरे, पण तुम्हाला.

‘ते असो’ म्हणून जे गिळलंत, तेच तुमचं पत्र आहे. दीर काय बोलले ते तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडच्या घरांत या वयापर्यंत काढल्यावर मला ते ऐकू येतं. ‘ह्यानं नेलं नसतं, तर आबा आज असते.’ असंच ना? शब्द इकडचे तिकडे असतील. पोरगा तिथंच कुठं तरी उभा असेल. त्या दिवसांत मयत घरी आणू देत नव्हते, म्हणजे आबांचं तोंडही त्याला धड बघायला मिळालं नसणार. मिळालं ते हे वाक्य. आणि तुम्ही? तुम्ही दिरांसमोर बोलत नाही, म्हणून गप्प बसलात. नऊ महिने झाले, अजून गप्पच आहात. मोबाईलच्या नावानं ओरडणं सोपं आहे, मोबाईल उलटून बोलत नाही.

साठीच्या वरच्यांना लस १ मार्च २०२१ पासून सुरू होती. एप्रिल उजाडेपर्यंत तुमच्या घरातल्या एकाही मोठ्या माणसाला आबांना न्यायची सवड झाली नाही. नेलं ते सोळा वर्षांच्या नातवानं. (सोळाव्या वर्षी त्याच्या हातात गाडी कशी, ते आज विचारत नाही.) ज्यानं काम केलं, त्याच्याच माथी मारलंत.

आता तो वाचतोच म्हणता, तर ऐक रे लेकरा. लशीनं आबांना कोरोना झाला नाही. त्या लशीत कोरोनाचा जिवंत विषाणूच नसतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, कधी चौदासुद्धा. आबांना चौथ्या दिवशी ताप आला, म्हणजे तुझ्या गाडीवर बसले तेव्हा तो बहुधा त्यांच्या अंगात होताच. आणि पहिला डोस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढे दिवस त्यांना मिळाले नाहीत. एवढंच.

बाई, तुम्हाला वाटतं पोरगा अडाणीपणानं व्हिडिओ बघतो. मला वाटतं, आपण आबांना कशाला नेऊन घातलं हे तो शोधतोय. तीच सुई आता आपल्या दंडाला टोचून घ्यायची आणि खुशाल पेपरला जायचं, हे त्याला आबांशी बेइमानी वाटत असेल. कॅम्पच्या दिवशी त्याचं पोट खरंच दुखलं असेल.

राहिले दीर. साखरपुड्याचं तुम्ही दगदगीसाठी लिहिलंत. मांडव कुणाच्या लेकीचा होता, हे त्यांना माहीत आहे. कुठून लागण झाली ते आता कुणीच सांगू शकत नाही, आणि हे त्यांच्या तोंडावर मारायला मी सांगत नाहीये. ते त्यांना रात्री आपोआप आठवत असणार. म्हणूनच तर ते पोरावर घसरले.

तेव्हा एकच काम करा. आज दिरांना फोन लावा. पदर सावरून, आवाज खाली ठेवून बोला, पण बोला: ‘भाऊजी, तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते माझ्या लेकराच्या जिवाला लागलंय. येऊन माघारी घ्या.’ ते चिडतील, ‘मी कुठं असं म्हणालो’ म्हणतील. म्हणू द्या. तरी यायला लावा. हे तुमच्या तोंडून किंवा माझ्या सदरातून चालणार नाही, ज्यानं घाव घातला त्यानंच यायला पाहिजे.

तोवर लशीचं नावही घरात काढू नका. १५ ते १८ वर्षांच्या पोरांना कोव्हॅक्सिन ३ जानेवारी २०२२ पासून देतायत, दोन डोसांत २८ दिवसांचं अंतर आहे, बारावीचे पेपर ४ मार्चपासून आहेत. या महिन्यात पहिला झाला तर दुसराही त्याआधी बसतो, पण दिवस त्याचा त्याला ठरवू द्या. नुसती न्याहारी करून पाठवा, या वयाची पोरं उपाशीपोटी सुईच्या भीतीनं चक्कर येऊन पडतात.

आणि त्या दिवशी गाडी दिरांनी चालवायची. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, तेव्हा त्याच्या शेजारी त्यांनीच बसायचं. तुम्ही घरी थांबा.