अल्कोहोल इंक भेटकार्डावर पसरत नाही, कागदात मुरते: काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. ३०० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) पांढऱ्या कार्डशीटवर शाई टाकली की ती लगेच मुरते आणि मागच्या बाजूला उमटते. पसरवण्यासाठी सॅनिटायझर वापरलं तर चिकट डाग राहतो. आणि कसंबसं जमलेल्या कार्डावर परमनंट मार्करने नाव लिहिलं की अक्षर फिसकटतं. शाई बदलायची गरज नाही. कागद आणि सोबतचं द्रव बदला.

अल्कोहोल इंकमध्ये रंग अल्कोहोलात विरघळलेला असतो. अल्कोहोल उडून गेलं की पृष्ठभागावर रंगाचा पातळ, पारदर्शक थर उरतो. त्यावर पुन्हा अल्कोहोल पडलं की तो थर पुन्हा विरघळतो, मग तो आज सुकलेला असो की महिन्यापूर्वी. धुरासारख्या लहरी, पाकळ्या, वर्तुळं हे सगळं शाई ओली असताना पृष्ठभागावर सरकते म्हणून होतं. साधी कार्डशीट, हँडमेड पेपर, वॉटरकलर पेपर यांचे तंतू शाई पिऊन टाकतात, मग सरकायला काही उरतच नाही. तिथे कितीही भारी शाई आणली तरी डागच पडणार.

या कामासाठी सगळ्यात खात्रीचा कागद म्हणजे युपो. नाव कागदाचं असलं तरी तो पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा आहे. कार्डावर चिकटवायच्या तुकड्यासाठी २०० जीएसएम पुरतो. ३९० जीएसएमचा जाड युपो फ्रेम करायच्या चित्रासाठी ठेवा, कार्डासाठी तो उगाच महाग आणि जड पडतो. एका ए४ युपोत ९.५ × १३.८ सेंमीचे चार तुकडे निघतात. ए५ कार्डशीट मधोमध दुमडली की १०.५ × १४.८ सेंमीचं कार्ड होतं, त्यावर हा तुकडा चारही बाजूंनी अर्धा सेंमी कड सोडून बसतो, आणि कार्ड सी६ पाकिटात जातं. थोडक्यात, दुमडायचं कार्ड साध्या कार्डशीटचंच ठेवा, शाईचं काम वेगळ्या तुकड्यावर करा. थेट कार्डावर शाई टाकण्याचा हट्ट सोडला की अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

युपो मिळाला नाही तर पर्याय आहेत, पण सगळे सारखे नाहीत. छापखान्यात मिळणारं ग्लॉसी आर्ट कार्ड स्वस्त आहे. त्यावर शाई काही सेकंद सरकते आणि मग बसते. त्यामुळे फेल्टने, म्हणजे नमद्यासारख्या दाट कापडाने, थोपटून करायच्या कामाला ते चांगलं, फुंकून लहरी काढायला कमी पडतं. इंकजेटच्या ग्लॉसी फोटो पेपरकडून फार अपेक्षा ठेवू नका. तो चकचकीत दिसतो, पण त्याचा वरचा थर शाई पिण्यासाठीच बनवलेला असतो. ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची शीट, उत्तम, फक्त इंकजेटसाठीची खरखरीत थर दिलेली शीट नको, साधी घ्या. डिजिटल प्रिंटवाल्यांकडे न फाटणारा सिंथेटिक कागद मिळतो, त्याचे प्रकार बरेच आहेत, म्हणून आधी एक तुकडा मागून पाहा. तपासणी सोपी आहे: शाईचा एक थेंब टाका, पाच मिनिटं सुकू द्या, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या इअरबडने पुसा. डाग जवळजवळ पूर्ण निघाला तर पृष्ठभाग कामाचा. रंग तसाच राहिला तर तो कागद शाई पितो. सरावासाठी एखादी पांढरी चकचकीत टाइल ठेवा. आयपीएने पुसली की पुन्हा कोरी.

द्रव म्हणून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, हेच घ्या. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे आणि केमिकलच्या दुकानात ते मिळतं. ७० टक्केवाल्यात उरलेलं बहुतांश पाणीच असतं. प्लास्टिकवर त्या पाण्याचे मणी होतात, सुकायला वेळ लागतो आणि कडा मळकट येतात. सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घालतात आणि ते उडत नाही, तुमचा चिकट डाग तोच. सर्जिकल स्पिरिटमध्ये बऱ्याचदा एरंडेल तेल असतं, तेही टाळा. रंगाचा थिनर तर अजिबात नको. शाईच्या कंपन्यांचं तयार ब्लेंडिंग सोल्यूशन (शाई विरळ करून मिसळायचं द्रव) आयपीएपेक्षा सावकाश सुकतं आणि थोडी चमक ठेवतं. फेल्टच्या कामाला ते चांगलं, पण लहरींसाठी मी आयपीएच सुचवेन.

आता मुख्य कृती. टेबल सपाट हवं, नाहीतर सगळा रंग एका कोपऱ्यात जातो. पंखा बंद, खिडकी उघडी. नायट्राइलचे हातमोजे घाला. ते तुमच्या हातासाठी आहेत तसेच कागदासाठीही आहेत, कारण बोटाचा तेलकट ठसा पडला तिथे शाई बसत नाही. युपोचा तुकडा टिश्यूवर आयपीए घेऊन एकदा पुसून घ्या. मग तुकड्याच्या साधारण एक तृतीयांश भागावर आयपीएचे आठ-दहा थेंब टाका आणि त्याच्या कडेला शाईचा एकच थेंब. लगेच, पाच सेकंदांच्या आत, हवा द्या. हेअर ड्रायर सर्वात कमी वेगावर आणि थंड हवेवर, १५-२० सेंमी अंतरावरून, कागदाशी तिरका धरून. द्रव एका दिशेने ढकला, ते पुढे सरकलं की उलट बाजूने परत आणा. दर वेळी मागे एक पातळ रेघ सुकत जाते; लहरींचे थर म्हणजे याच रेघा. कडा फार गडद आणि टोकदार आल्या तर त्या कडेवर आयपीएचे दोन थेंब टाकून पुन्हा फुंका, त्या विरळ होतात.

ड्रायर जोरात सुटत असेल तर कान किंवा कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा घ्या. माझ्या मते कार्डाच्या मापाला तोच जास्त बरा, कारण झोत छोटा आणि नेमका येतो. स्ट्रॉने तोंडाने फुंकलं तर श्वासातली वाफ आणि थुंकीचे कण पडतात, त्यांचे पांढुरके ठिपके राहतात. शिवाय फुंकून झाल्यावर माणूस नकळत श्वास आत घेतो, आणि नाकाशी आयपीएची वाफ असते.

रंग जास्त घालणं ही सगळ्यात सामान्य चूक. एवढ्याशा तुकड्याला दोन रंगांचे मिळून तीन-चार थेंब पुरतात. रंगचक्रात शेजारी असलेले रंग घ्या: निळा-मोरपंखी-हिरवा, किंवा गुलाबी-जांभळा-निळा. नारिंगी आणि निळा ओले असताना भेटले की चिखल होतो, पिवळा आणि जांभळाही तसेच. तरी हवेच असतील तर पहिला पूर्ण सुकू द्या आणि दुसऱ्याला पहिल्यापर्यंत पोचू देऊ नका. पिवळा लगेच दबतो, म्हणून तो आधी टाका आणि त्याच्यासाठी मोकळी जागा राखा. पांढऱ्या जागेला हात लावायचा मोह आवरणं सगळ्यात कठीण. निम्मा कागद कोरा राहिला तरच लहरी दिसतात, शिवाय शुभेच्छा लिहायला जागाही मिळते.

सोनेरी शाई वेगळ्या स्वभावाची. तिच्यात विरघळलेला रंग नसतो, धातूसारख्या चमकीचे जड कण असतात आणि ते तळाशी बसतात. बाटली चांगली मिनिटभर हलवा, सगळ्यात शेवटी एकच थेंब घाला आणि ओल्या रंगाच्या कडेलाच टाका. फुंकल्यावर कण कडांवर जमतात आणि बारीक सोनेरी रेघ मिळते. मधोमध टाकली तर राखाडी पट्टा येतो. सुकल्यावर बोटाला चमकी लागत असेल तर तो तुकडा सील केल्याशिवाय, म्हणजे वरून पारदर्शक संरक्षक थर दिल्याशिवाय, वापरू नका.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे काम बिघडण्याचं कारण वेगळं. आयपीए उडताना पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर दुधाळ झाक येते. एसी असलेली खोली किंवा कोरडा दिवस निवडा. झाक आलेल्या जागी पुन्हा ९९ टक्क्यांचं आयपीए टाकून कोरड्या हवेत सुकवलं तर बहुधा जाते.

फुंकणं जमत नसेल तर फेल्टची पद्धत कार्डासाठी सोपी आणि जास्त भरवशाची. लाकडी ठोकळ्यावर ३ × ५ सेंमीचा फेल्टचा तुकडा लावा, त्यावर दोन-तीन रंगांचे प्रत्येकी दोन थेंब, सोनेरीचा एक आणि ब्लेंडिंग सोल्यूशनचे दोन. मग ग्लॉसी कार्डावर हलके थोपटत जा, दर वेळी मनगट थोडं फिरवून, म्हणजे एकच ठसा परत दिसत नाही. पॉलिश केलेल्या दगडासारखा पोत येतो. फार एकजीव झालं तर थांबा, सुकू द्या आणि कोऱ्या फेल्टवर फक्त सोल्यूशनचे दोन थेंब घेऊन पुन्हा दोन-चार ठिकाणी थोपटा. रंग उचलला जातो आणि जिवंतपणा परत येतो.

शाई पारदर्शक असते याचा फायदा चकचकीत पृष्ठभागावर घ्या. स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून पुन्हा सपाट करा, डबल साइड टेपने कार्डशीटवर ताणून चिकटवा आणि वर फेल्टने शाई थोपटा. चांदीवर पिवळा-तपकिरी पडला की जुन्या पितळेसारखं, निळा-हिरवा पडला की मोरपिसासारखं दिसतं. दिवाळीच्या कार्डावर यातून कापलेली पणती किंवा कंदील विकतच्या ग्लिटर पेपरपेक्षा कितीतरी छान दिसतो, आणि खर्च नगण्य. लग्नपत्रिकांच्या कागदात मिळणारं चंदेरी, सोनेरी मिरर कार्डही चालतं. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेच्या बाजूला चौकशी करा. ओएचपी शीटवर काम केलंत तर शाईची बाजू आत करा आणि मागे पांढरा कागद द्या. म्हणजे रंगाला प्लास्टिकचं संरक्षण आपोआप मिळतं, वेगळं सील करावं लागत नाही.

लिहिण्याचं म्हणाल तर परमनंट मार्करमध्येही अल्कोहोलच असतं, त्यामुळे तो खालची शाई विरघळवतो. जेल पेन युपोवर नीट सुकत नाही. पाण्यावर आधारित ॲक्रिलिक पेंट मार्कर चालतो. लिहून अर्धा तास हात लावू नका. त्याहून सोपं म्हणजे शुभेच्छा वेगळ्या पांढऱ्या पट्टीवर लिहून किंवा छापून फोम टेपने वर बसवा. युपो लेझर प्रिंटरमध्ये घालू नका, उष्णतेने तो आतच वितळून चिकटू शकतो. एम्बॉसिंगची हीट गनही त्याला वेडावाकडा करते. स्टॅम्प मारायचा असेल तर स्टेझऑनसारखी सॉल्व्हंट इंक लागते, साधी डाय इंक प्लास्टिकवर ओलीच राहते. क्रमही सांभाळा: शाईचं काम पूर्ण सुकवा, मग स्टॅम्प. उलट केलंत तर आयपीएने स्टॅम्पच्या रेघा पसरतील.

चिकटवायला फेव्हिकॉल नको. तो कागदाला धरतो, पॉलिप्रॉपिलीनला नाही. दोन-चार दिवसांत कोपरा उचलला जातो. चांगल्या प्रतीचा डबल साइड टेप चारही कडांना आणि मध्ये एक आडवी पट्टी, एवढं पुरे.

सील करायच्या आधी तुकडा २४ तास ठेवा. क्लिअर ॲक्रिलिक स्प्रेमध्ये सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवणारं द्रव, असतं, म्हणून पहिला हात अगदी विरळ, २५-३० सेंमीवरून, नुसता शिडकावा. १५ मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एकदम ओला थर दिला तर सगळ्या लहरी तुमच्या डोळ्यांदेखत वाहून जातात. ब्रशने वार्निश लावू नका. कार्डासाठी मला कोल्ड लॅमिनेशन जास्त पटतं: उष्णता नाही, सॉल्व्हंट नाही, फोटो स्टुडिओवाले करून देतात. गरम लॅमिनेशनमध्ये युपो वळतो. सील न केलेल्या कार्डाला पाण्याचा थेंब सहसा काही करत नाही, पण सॅनिटायझर लावलेला हात किंवा स्प्रे-परफ्यूम लगेच ठसा उमटवतो. हे रंग उन्हात फिकेही होतात, तेव्हा कार्ड भिंतीवर लावणाऱ्याला खिडकीसमोर लावू नका म्हणून सांगा.

सुरक्षेचं एक नीट वाचा. आयपीएची वाफ सुमारे १२ अंश सेल्सियसलाच पेट घेण्याजोगी होते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. खाली बसून काम करत असाल तर त्याच खोलीत समई, उदबत्ती, गॅस काहीही पेटतं नको. व्हिडिओंमध्ये काही जण ओल्या शाईला लायटर लावतात, ते घरात करूच नका. एन९५ मास्क धुळीसाठी आहे, वाफ अडवत नाही. खिडकी उघडी ठेवणं आणि सलग तासभर वाकून न बसणं हेच खरं. आयपीएने भिजलेले टिश्यू कचऱ्यात टाकण्याआधी बाल्कनीत सुकू द्या. बाटल्या उभ्या, झाकण घट्ट. टोपण सैल राहिलं तर शाई घट्ट होते, मग आयपीएचे काही थेंब घालून हलवावी लागते.

बिघडलेले तुकडे फेकू नका. आयपीएने पुसलेल्या युपोवर फिकट छटा राहते, तिच्यावर गडद रंगाचं दुसरं काम होतं. जे अगदीच जमलं नाही त्यातून पंचने फुलपाखरं, पानं काढा किंवा एक सेंमीच्या पट्ट्या कापून कार्डाच्या कडेला लावा. पूर्ण तुकडा कितीही गिचमिड दिसला तरी लहान आकारात तोच रंग सुरेख दिसतो.