जळजळ थांबली, मग गोळ्या कशाला?

“लघवीची जळजळ थांबली, आता गोळ्या कशाला खाव्या? लेकराला बाधल्या म्हंजे?” बीड जिल्ह्यातल्या गरोदर बायकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की एकीची गोष्ट ओळख बदलून सांगतेच.

पाचवा महिना. उन्हाळी लागली म्हणून आलेली. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू निघाला. त्यावर नायट्रोफ्युरँटॉइन हे जंतू मारायचं औषध: १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, ७ दिवस. १४ पैकी ५ गोळ्या घेतल्या, ९ रुमालाच्या गाठीत. लघवी तपकिरी दिसली नि ती घाबरली. तो रंग औषधाचाच, त्यात अपाय काही नाही. चिठ्ठी देतानाच हे सांगावं, तर नेमकं तेच राहून जातं.

त्याच आठवड्यात तीनदा बोललो. दोनदा मी माहिती दिली, तिनं मान हलवली. तिसऱ्यांदा विचारलं, “लेकराला काही झालं, तर घरचे काय म्हणतील?”

ती गाठ सोडत-बांधत राहिली. “हिनं गोळ्या खाल्ल्या म्हणून झालं, म्हणतील.”

“आणि गोळ्या न घेता झालं तर?”

“मग... देवाची मर्जी.”

बोल लागण्याचं भय होतं ते. त्यावर औषधाची माहिती किती ओतणार? अशा वेळी एकट्या सुनेला समजावून भागत नाही, घर सोबत घ्यावं लागतं, या मताची मी पहिल्यापासून आहे.

सासूबाईंना बोलावून सांगितलं: गरोदरपणात मूत्रनळ्या सैल पडतात, गर्भाशयाचा दाब येतो, लघवी तुंबते. जळजळ थांबली तरी जंतू उरू शकतात. ते मूत्रपिंडात चढले की थंडी वाजून ताप, पाठीत बरगड्यांखाली दुखणं, उलट्या, कधी वेळेआधी कळा. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या, जंतू त्यानं मरत नाहीत. शेजारणीकडची गोळ्यांची पट्टी मात्र नको: सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन अशी जंतूंवरची औषधं गरोदरपणात टाळतात. नायट्रोफ्युरँटॉइनही दिवस भरत आल्यावर देत नाहीत, नवजात बाळाच्या लाल पेशी फुटू शकतात म्हणून.

“म्हंजे न खाल्ल्यानंबी लेकराला धोका हाय?” सासूबाई सुनेकडं वळल्या, “काढ ती पट्टी.”

उरलेल्या ९ मनानं सुरू करायच्या नव्हत्या. डॉक्टरांनी लघवी पुन्हा तपासून नव्यानं ७ दिवसांचा कोर्स दिला.

रिकामी पट्टी दाखवायला सासूबाईच आल्या. कोर्स संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करतात. त्या दिवशी सुनेच्या हातात बाटली देत म्हणाल्या, “पहिली धार सोड, मधली धर.”