ज्ञानेशचं स्पेलिंग काय करू?

या महिन्याच्या टपालात पाळणेच पाळणे. त्यातली तीन पत्रं घेते. पहिल्याला जागा जास्त देणार आहे, कारण तसली पत्रं मला दर महिन्याला येतात.

माई, स. न. आमच्या मुलाचं बारसं मागच्या आठवड्यात झालं. आजेसासरे ज्ञानेश्वर, म्हणून आत्यानं 'ज्ञानेश' नाव ठेवलं. इथवर सगळे खूश. आता महापालिकेत नाव नोंदवायचंय, तर इंग्रजी स्पेलिंगवरून घरात तट पडलेत. सासरे म्हणतात डी-एन-वाय. नवऱ्याचं ऑफिस गुरुग्रामचं, त्याला जी-वाय हवंय. बडोद्याच्या चुलत नणंदेचं जी-एन. दीर म्हणतात, जे-एन हेच संस्कृतातलं खरं. त्यात एका मावशींनी सुचवलं की ए डबल करा, म्हणजे अंक चांगला येतो. मी दमले. (एक बाळंतीण, चिंचवड)

अगं, चौघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, हीच तर पंचाईत. ज्ञ हा ज आणि ञ मिळून झालेला, त्यामुळे दिरांचं जे-एन पुस्तकात शोभून दिसतं. पण तो उच्चार रोजच्या बोलण्यात राहिलेला नाही. आपण द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य, गुजराती ग्न. आता तूच सांग, जेवायला हाक मारताना 'ग्यानेश, ये रे' म्हणणार आहेस का? नाही ना? मग डी-एन-वाय. आळंदी तुमच्या शेजारी, तिथल्या माउलींच्या नावातही आपण तीच अक्षरं लिहितो. गुरुग्रामचा साहेब पहिल्यांदा 'डन्यानेश' म्हणेल. म्हणू दे. दोनदा सांगितलं की शिकतो माणूस.

शेवटी श आहे, तेव्हा एस-एच. डबल ए अजिबात नको. त्या जास्तीच्या ए-नं भाग्य उजळेल की नाही ते मावशींना ठाऊक, पण पोराला जन्मभर प्रत्येक खिडकीवर 'डबल ए बरं का' सांगत उभं राहावं लागेल. आणि एखाद्या खिडकीवरचा माणूस ऐकणार नाही, तो एकच ए टाकेल.

खरं दुखणं तिथेच आहे. स्पेलिंग कुठलं घेतलं यानं फारसं बिघडत नाही, दोन कागदांवर दोन झाली की बिघडतं. शाळेच्या कार्यालयात माझी उभी नोकरी गेली. एकदा दहावीतला एक हृषीकेश वडलांना घेऊन माझ्या टेबलासमोर आला. जन्मदाखल्यावर त्याची सुरुवात एच-आर-यूनं, आधारवर आर-आयनं, आणि आमच्या जनरल रजिस्टरात मराठीत चक्क 'ऋषिकेश'. हृषीकेश म्हणजे इंद्रियांचा स्वामी, संध्येतल्या चोवीस नावांपैकी एक. ऋषिकेश म्हटलं की झाले ऋषींचे केस! बोर्डाकडून प्री-लिस्ट, म्हणजे परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या नावांची यादी, तपासायला आली होती आणि सही करण्याआधी काय ते ठरवायचं होतं. वडील म्हणाले, "बाई, काहीही ठेवा, पण एकच ठेवा." दहावीच्या प्रमाणपत्रावर छापून आलं की पुढचं सगळं त्यावर चालतं आणि दुरुस्तीसाठी शाळा, मग विभागीय मंडळ अशा चकरा सुरू होतात. हल्ली तर त्याच्याही आधी अडतं. शाळेत अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, काढताना आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळलं नाही, तर ते पुढे सरकतच नाही.

तुझ्या बाबतीत सोय अशी की अजून पाटी कोरी आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, पण ती नावाशिवाय होते. नाव नंतर घालता येतं, 12 महिन्यांपर्यंत फुकट, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. म्हणजे घाई नाही. चार दिवस घ्या, पण जे ठरेल ते कागदावर ठळक लिहून काढा आणि खिडकीवर तोंडी न सांगता तो कागदच पुढे करा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पुढे मतदारयादी, वाहन परवाना या सगळ्यासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो. तेव्हा पहिला कागद चोख हवा.

आणखी एक, हे मात्र घरात कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव आपल्या राज्यात सरकारी कागदांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं आहे. म्हणजे ज्ञानेशच्या पाठोपाठ तुझं नाव येणार. तेव्हा तुझं आणि नवऱ्याचं स्पेलिंग तुमच्या आधारवर काय आहे, ते आधी बघून घे. लग्नाआधीचं एक आणि नंतरचं दुसरं असं काही असेल तर तो गुंता पोराच्या दाखल्यात शिरायच्या आत सोडव.

दाखला हातात आला की मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी अक्षर न अक्षर वाच. आधार केंद्रावर तर जास्तच सावध राहा. तिथे इंग्रजी टाइप केलं की मराठी आपोआप उमटतं, आणि यंत्राला ज्ञ काही कळत नाही, तुमचा ज्ञानेश 'द्न्यानेश' होऊन बाहेर पडायचा. पडद्यावर दिसत असतानाच 'थांबा, हे दुरुस्त करा' म्हणायचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी तान्ह्या पोराची कशाला वाया घालवायची?

माई, नातवाचं आर्द्रा नक्षत्र, तिसरं चरण. गुरुजी म्हणतात, नावरस अक्षर 'ङ'. सूनबाईंनी मोबाइलवरून 'रेयांश' शोधलंय, अर्थ म्हणे सूर्याचा अंश. मला दोन्हीकडून अडचण. (एक आजोबा, संगमनेर)

भाऊसाहेब, आर्द्रेची अक्षरं कू, घ, ङ, छ. ङ-नं सुरू होणारं नाव मराठीत कुणाचंही नाही, गुरुजींचंही नाही. अशा वेळी पत्रिकेपुरतं एक नाव ठेवायचं आणि हाकेचं वेगळं, हा जुना रिवाज आहे. राशीवरच राहायचं असेल तर मिथुनेत के, को आणि हासुद्धा येतात. केदार, केशव, हरी, हवं ते उचला.

रेयांशचं म्हणाल तर शिव आणि अंश मिळून शिवांश होतो, पण रवी आणि अंश यांचा संधी रव्यंश होईल, रेयांश नव्हे. मला त्यात इंग्रजीतला 'रे' आणि संस्कृतातला 'अंश' हातात हात घालून उभे दिसतात. पण नाव कानाला गोड आहे आणि नऊ महिने सूनबाईंनी काढलेत. तुम्ही पत्रिकेत केदार लिहा आणि रेयांशला मांडीवर घ्या.

ताई, आम्ही श्टुटगार्टला असतो. मुलगा व्हायचाय असं डॉक्टरांनी सांगितलंय (इथे सांगतात). 'जय' किंवा 'वरद' मनात आहे. इथल्या लोकांना म्हणता येईल असं काय करावं? (अ. कु.)

माझी भाची तिकडेच असते, त्यामुळे हे मला थोडं माहीत आहे. जर्मन लोक जे-चा उच्चार य करतात, म्हणजे तुमचा जय तिथे 'याय' होणार. वरदमध्ये व्ही घातलात तर बहुतेक 'फरद'. त्यांचा व डब्ल्यूनं लिहितात. तेव्हा वरद ठेवणार असाल तर डब्ल्यू घ्या, त्यात मराठीपण काही जात नाही. आपले वाघमारे, वाडेकर कधीपासून डब्ल्यूच लिहितात. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत केशवाची सुरुवात क्यू-यूनं व्हायची आणि त्यातल्या श-साठी एक्स यायचा, म्हणून केशव काही कमी केशव झाला नाही. शेवटच्या द-चा मात्र ते त करतील, त्याला इलाज नाही.

स्पेलिंगपेक्षा तुम्हाला दुसऱ्याच गोष्टीची काळजी घ्यायला हवी. आपल्याकडच्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावायची सवय आहे. तिकडच्या कचेरीत ते सगळं पाळण्यातलंच नाव समजतात. भाचीच्या कागदांवर तिचं दुसरं नाव 'सुरेश' असं लागलंय! बाळाच्या जन्मनोंदीत तुमचं नाव मधे घालायचं की नाही हे बायकोशी बोलून आत्ताच ठरवा. जर्मन दाखल्यावर जसं असेल तसंच भारतीय पासपोर्टच्या अर्जात भरा. नोंदणीच्या दिवशी दोघांचे पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला जवळ ठेवा. लग्नाचा दाखला फक्त मराठीत असेल तर त्याचं तिथल्या अधिकृत भाषांतरकाराकडून भाषांतर करून घ्यावं लागेल, आणि ते पोटात बाळ असतानाच उरकलेलं बरं.