रस्ता ‘मंजूर’ आहे, मग बिल का निघत नाही?

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काटोलकडच्या तुमच्या गावचा रस्ता अर्थसंकल्पात मंजूर झाल्याची बातमी आली, गिट्टी पडली, रोलरही येऊन गेला आणि मग काम थांबलं. ठेकेदार म्हणतो बिल निघत नाही. त्यावर तुमचा सवाल, की आपण नागपूरकर एवढा कर भरतो तो मुंबईतच मुरतो का? माझी नोकरी विदर्भातल्या लेखा शाखांमध्ये गेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मुंबईचं. राज्याच्या महसुलाचा प्रत्येक रुपया, सीताबर्डीतून येवो की नरिमन पॉइंटहून, राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो (राज्यघटनेचं कलम २६६). त्यात नागपूरचा वेगळा कप्पा नसतो. जिल्हावार वसुलीचे आकडे फेकून ‘मुंबई कमावते आणि बाकीचे खातात’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. माल बुटीबोरीत बनला, विकला गेला इतवारीत, पण कंपनीची जीएसटी नोंदणी मुंबईच्या पत्त्यावर असली तर भरणा मुंबईच्या नावावर दिसणार. वसुलीचा पत्ता म्हणजे कमाईचं ठिकाण नव्हे.

पैसा येतो कुठून ते पाहायला सावजीच्या हॉटेलातलं बिल पुरे. खाली सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के अशा दोन ओळी असतात. दुसरी ओळ राज्याची. पहिली दिल्लीला जाते, पण तिचा एक भाग फिरून येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी केंद्राच्या विभाज्य, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या, करांपैकी ४१ टक्के राज्यांना ठरवून दिले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा होता ६.३१७ टक्के. विभाज्य हा शब्द महत्त्वाचा. केंद्र जो उपकर (सेस) आणि अधिभार (सरचार्ज) लावतं तो या वाटणीत येतच नाही, आणि राज्यांची खरी कुरकुर तिथेच आहे.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्याच्या हातात स्वतः दर ठरवता येतील असे मोजकेच कर उरले. पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, घर-जमिनीच्या व्यवहारांवरचं मुद्रांक शुल्क, गाड्यांचा कर, विजेवरचं शुल्क. म्हणून पैशाची चणचण भासली की सरकारची नजर आधी दारूकडे आणि रेडी रेकनरकडे (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले घर-जमिनीचे दर) वळते. (तरीही चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली, शेजारचा वर्धा मात्र कोरडाच. महसूल सोडून द्यायचाही निर्णय असतो.) पगारातून जाणारा व्यवसाय कर वर्षाला अडीच हजारांच्या वर नेता येत नाही, ती मर्यादा घटनेतच आहे. आणि घरपट्टी राज्याची नाहीच, ती मनपाची. तिचा राग विधान भवनावर काढू नका.

आपल्या भागातून आणखी एक रक्कम जाते, जिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही: रॉयल्टी. उमरेडचा कोळसा, मनसरचं मँगनीज. कोळशावर १४ टक्के. दर केंद्र ठरवतं, पैसा राज्याला मिळतो. हिशेबात हा करेतर महसूल, म्हणजे करांशिवायचं उत्पन्न. रॉयल्टी हा कर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं आणि खनिजांवर वेगळा कर लावायची वाट राज्यांना मोकळी करून दिली. रेतीघाटाचे लिलावही करेतर महसुलातच मोडतात.

आता तुमच्या रस्त्यावर येऊ. ‘अर्थसंकल्पात मंजूर’ म्हणजे खर्च करायची परवानगी. पैसा नव्हे. तरतूद, निधी वितरण आणि देयक (बिल) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, बातमी मात्र पहिलीचीच येते.

तुमच्या कामाचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या खात्यावर पडतो त्याचा क्रमांक, काढा. पहिले चार आकडे ५०५४ असले तर तो रस्ते व पुलांवरचा भांडवली खर्च, म्हणजे नवं काम. ३०५४ असले तर देखभाल-दुरुस्ती. ही खूण एकदा कळली की अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं भीती घालत नाहीत. पहिला आकडा ० किंवा १ असेल तर महसुली जमा, २ किंवा ३ महसुली खर्च, ४ किंवा ५ भांडवली खर्च, ६ किंवा ७ कर्जं, आणि ८ म्हणजे लोकलेखा, जिथे भविष्य निर्वाह निधी, ठेवी असा सरकारकडे नुसता सांभाळायला असलेला पैसा राहतो. निवृत्तिवेतन २०७१, व्याज २०४९, शिक्षण २२०२. मुद्रांक आणि नोंदणीची जमा ००३०.

५०५४ खाली कामांची लांबलचक यादी असते आणि त्यातल्या पुष्कळ कामांपुढे नाममात्र रक्कम टाकलेली असते. काम यादीत आलं की आमदारसाहेबांचा फलक लागतो, प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते. पण मान्यता दिलेल्या कामांची बेरीज त्या वर्षीच्या तरतुदीच्या कितीतरी पट होते. मग पुढच्या वर्षीची तरतूद आधीच्या दायित्वातच, म्हणजे जुन्या कामांची देणी फेडण्यातच, जिरते. एवढं होऊनही जी तरतूद हातात उरते, ती वित्त विभाग एका दमात सोडत नाही, टप्प्याटप्प्याने सोडतो. तो निधी बीम्सवर (निधी वाटपाची सरकारची संगणक प्रणाली) दिसला की प्राधिकारपत्र, म्हणजे तेवढी रक्कम खर्चायची परवानगी, निघतं, ते जोडून देयक कोषागारात (सरकारी तिजोरीच्या कार्यालयात) जातं. बीम्सवर शिल्लक शून्य असेल तर कार्यकारी अभियंत्याने कितीही सह्या केल्या तरी कोषागार देयक घेणार नाही. तुमचा ठेकेदार बहुधा खोटं बोलत नाहीये.

मार्चमध्ये मात्र उलटी गंगा वाहते. वर्षभर थांबलेला निधी शेवटच्या आठवड्यात येतो आणि ३१ मार्चला कोषागारात रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. त्या रात्री टेबलावर येणाऱ्या देयकांचे गठ्ठे ज्याने पाहिलेत त्याला निधी ‘व्यपगत’ होणे म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. खर्च झाला नाही तर तरतूद बुडते, म्हणून काही विभाग पैसा काढून स्वीय प्रपंजी खात्यात (अधिकाऱ्याच्या ताब्यातलं ठेव खातं) नेऊन ठेवतात. कागदावर खर्च झालेला असतो, रस्ता जागच्या जागी. सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखाकारांचे आक्षेप यावर वर्षानुवर्षं येतात (विदर्भ-मराठवाड्यासाठीचं त्यांचं कार्यालय इथे नागपुरातच आहे) आणि विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे साक्षी होतात.

मग निधी एवढा अडखळत का सोडतात? १० मार्च २०२५ ला अजित पवारांनी मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प घ्या. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी, तूट ४५ हजार ८९१ कोटी. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच जमेचा निम्म्याहून जास्त भाग जातो. व्याज तर भारित खर्च आहे, त्यावर सभागृहात मतदानच होत नाही. लाडक्या बहिणींसाठी ३६ हजार कोटी ठेवले होते. पगार थांबवता येत नाही, व्याज चुकवता येत नाही, खात्यात थेट जाणारी रक्कम एक महिना लांबली तरी गावोगाव बोंब होते. थांबवता येतं ते ५०५४. रस्त्याचं बिल सहा महिने लटकलं तर ओरडणार ठेकेदार, आणि ठेकेदाराचा कळवळा कोणाला येतो? योजना चांगली की वाईट हा वाद वेगळा, पण तिची किंमत कोणत्या लेखाशीर्षातून वसूल होते ते बघा. कर्ज काढून रस्ता बांधणं मला मान्य आहे. महसुली तूट म्हणजे कर्ज काढून रोजचा घरखर्च भागवणं.

‘मग समृद्धीला कुठून आले?’ असं तुम्ही विचारालच. ७०१ किलोमीटरचा तो महामार्ग रस्ते विकास महामंडळाने बराचसा कर्ज उभारून बांधला, फेड टोलमधून व्हायची आहे. काटोलच्या गावरस्त्यावर टोल लावता येत नाही, त्यामुळे त्याला ५०५४ शिवाय वाली नाही.

हिवाळी अधिवेशनात आपण टेकडी रोडवरचे मोर्चे आणि वाहतूक कोंडी पाहतो. आत मात्र पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा खर्च, मंजूर होतात. डिसेंबर २०२४ मध्ये इथे ३५ हजार ७८८ कोटींच्या मंजूर झाल्या. मार्चमध्ये कमी पडलेलं डिसेंबरात मागून घ्यायचं, ही आता रीतच झाली आहे. तुमच्या रस्त्याची आशा असलीच तर या मागण्यांच्या पुस्तकात शोधा, भाषणात नाही.

विदर्भावर अन्यायाचं म्हणाल तर त्याला आधार आहे. १९५३ चा नागपूर करार (विदर्भाला न्याय्य वाट्याचं वचन), घटनेचं कलम ३७१(२) (विकास मंडळांची तरतूद), १९८४ चा दांडेकर समितीचा अनुशेषाचा (मागे राहिलेल्या विकासाचा) अहवाल, हे सगळं कागदावर आहे. निधीच्या समन्यायी वाटपावर बोट ठेवणारी वैधानिक विकास मंडळं १९९४ पासून होती, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ती असतानाही तरतूद मिळून खर्च न होणं हेच रडगाणं होतं.

आता करायचं काय? त्या कामाच्या सार्वजनिक बांधकाम विभागात, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्या. ‘काम का थांबलं’ असं लिहू नका. ‘का’ म्हणजे माहिती नव्हे असं उत्तर देऊन मोकळे होतील. प्रशासकीय मान्यतेची प्रत, कामाचं लेखाशीर्ष, चालू वर्षी त्यावर झालेली तरतूद, आजवर वितरित झालेला निधी आणि प्रलंबित देयकांची यादी मागा. उत्तर आलं की इथे टाका, वितरणाचा रकाना कोरा आहे की देयकच कोषागारात गेलेलं नाही, ते पाहून पुढचं सांगतो. दुसरा प्रकार निघाला तर दोष मुंबईचा नाही, उपविभागातल्या टेबलाचा आहे.